सोळा बाइटांच्या नोंदीची कुळकथा
एकाच डिरेक्टरीत साठलेल्या लाखो फाइली पुसायला घेतल्या की भलं दणकट मशीनही अडून बसतं. फाइली रिकाम्या असल्या तरी तेच. दुखणं असतं त्यांच्या नावांच्या यादीत, आणि ते थेट बेल लॅब्जपर्यंत जातं.

तिथल्या केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्समध्ये डिरेक्टरी ही एक साधी फाइलच होती. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत तिची प्रत्येक नोंद १६ बाइटांची: २ बाइट आयनोडच्या (म्हणजे फाइलीचा तपशील ठेवणाऱ्या नोंदीच्या) क्रमांकाला, १४ नावाला. नाव हवं असेल तर पहिल्या नोंदीपासून एकेक ताडून बघायची. पुसायचं म्हणजे क्रमांकाच्या जागी शून्य लिहायचं. पुसलेली नोंद जागा अडवून बसतेच, आणि पुढचा प्रत्येक शोध तिच्यावरूनच जातो. म्हणून वरून खाली क्रमानं पुसत गेलं तरी सुटका नाही. हजार नावं काढताना सुमारे ५ लाख नोंदी तपासाव्या लागतात, दहा हजार काढताना ५ कोटी. फाइली दसपट, कष्ट शंभरपट!

तरीही ही रचना मला सुंदर वाटते. पीडीपी-११ च्या आरके०५ डिस्कवर जेमतेम अडीच मेगाबाइट मावत. तिथे दहा हजार फाइलींची डिरेक्टरी कोण कशाला करील?

१९८३ च्या ४.२ बीएसडीनं नावाची मर्यादा २५५ अक्षरांवर नेली, पण शोध रांगेनंच ठेवला. पुढे यूजनेट या चर्चाजाळ्यावरचा प्रत्येक लेख स्वतंत्र फाइल होऊन साठू लागला, जुने लेख सतत पुसावे लागू लागले, आणि रांग जाचू लागली. लिनक्सच्या एक्स्ट२ नंही तीच रांग उचलली. एसजीआयच्या एक्सएफएसनं रांग टाळण्यासाठी नव्वदच्या दशकातच बी-प्लस वृक्ष वापरला होता. एक्स्ट२ साठी डॅनियल फिलिप्स यांनी हॅशवर बेतलेला एचट्री हा वृक्ष २००१ मध्ये मांडला.

शोध झटपट झाला, पण नवाच पेच पडला. यादी आता हॅशच्या क्रमानं येऊ लागली. त्या क्रमानं पुसत गेलं की आयनोड डिस्कभर विखुरलेले सापडतात आणि डिस्कचं डोकं सैरावैरा धावतं. त्यावर टेड त्सो यांनी सुचवलेला उपाय मला फार आवडतो: आधी नावं आयनोडच्या क्रमानं लावायची, मग पुसायची. जीएनयूची पुसण्याची आज्ञा आरएम मोठ्या डिरेक्टरीत आता हेच करते.

एक खोड मात्र उरली आहे. सगळ्या फाइली गेल्या तरी एक्स्ट२ च्या वंशातल्या एक्स्ट४ ची डिरेक्टरी सहसा फुगलेलीच राहते. तिला आटवायचं तर फाइलसिस्टीम उतरवून ई२एफएससीके -D चालवावं लागतं, नाहीतर नवी डिरेक्टरी करून उरलेल्या फाइली तिच्यात हलवाव्या लागतात.