डेम्लो स्टेशन आणि एकोणीस एक

घाटकोपर, मुलुंड, ठाणे मागे पडले की मध्य रेल्वेचा प्रवासी डोंबिवलीसाठी दाराकडे सरकू लागतो. त्या रेटारेटीत कुणाला गणित सुचेल? पण एका शाळामास्तरांना या स्टेशनात ते सुचले होते. जी.आय.पी. रेल्वेच्या काळी मुंबईपासून तीस मैलांवरच्या या स्टेशनाला 'डेम्लो' म्हणत. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी इथे सुचलेल्या संख्यांना 'डेम्लो संख्या' हेच नाव दिले.

कापरेकरांचा जन्म १९०५चा, डहाणूचा. फर्ग्युसनमध्ये शिकताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. पुढे १९३० ते १९६२ ते देवळालीच्या शाळेत शिकवत राहिले. त्यांच्या संख्यांना पोरखेळ म्हणणारे इथे होतेच. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष गेले. आपल्याकडे हे असेच चालते!

डेम्लो संख्यांतल्या सर्वांत देखण्या संख्या अशा: ११चा वर्ग १२१, १११चा १२३२१, आणि नऊ वेळा एक लिहून वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१. म्हणजे यांच्या मुळाशी नुसते एकच एक आहेत. मग प्रश्न येतो, अशा संख्यांपैकी मूळ संख्या कोणत्या? मूळ म्हणजे स्वतःखेरीज आणि १खेरीज कशानेही भाग न जाणारी.

११ मूळ आहे. पण १११ म्हणजे ३ गुणिले ३७, आणि ११,१११ म्हणजे ४१ गुणिले २७१. एकांची गणती संयुक्त असली, तर संख्या फुटतेच. सहा एकांना अकराने भाग जातो. गणती मूळ असूनही सात, अकरा, तेरा, सतरा एक फुटतात. टिकतात ते थेट एकोणीस एक.

ही संख्या टिकते हे ठरवायचे कसे? तिचे वर्गमूळ सुमारे १०५ कोटी; तिथवरचे भाजक पाहायला हवेत. सुदैवाने तिचा प्रत्येक मूळ भाजक ३८ने भागल्यावर बाकी १ उरणाराच असतो. म्हणजे १९१, २२९, ४१९ अशांचीच परीक्षा. तरी उमेदवार पावणेतीन कोटींच्या वर! पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्कच्या ऑस्कर हॉप यांनी संगणकाविना तिचे मूळपण सिद्ध केले. कापरेकर तेव्हा लहान होते.

या संख्येची आणखी एक गंमत. १ला तिने भागले, तर दशांशचिन्हानंतर अठरा शून्ये आणि एक नऊ, पुन्हा अठरा शून्ये, पुन्हा नऊ. बरोबर एकोणीस अंकांनी आवर्तन करणारी दुसरी मूळ संख्याच नाही.

त्यानंतर तेवीस एक टिकले. मग मात्र थेट ३१७. त्याची सिद्धता १९७७ची. १०३१ एकांची सिद्धता झाली १९८६ साली, कापरेकर गेले त्याच वर्षी. ४९,०८१ एकांची संख्या मूळ असावी, असे हार्वे डब्नर यांना १९९९ साली आढळले. ते सिद्ध व्हायला २०२२ उजाडले. अशा मूळ संख्या कधी संपतात की नाही, हे अजून कुणीही सिद्ध केलेले नाही.