नाईलवरील आगबोट आणि लक्सरचे मंदिर : समूहपर्यटनाच्या इतिहासातील एक प्रकरण

प्रस्तावना

५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक या मद्यपाननिषेधाच्या प्रचारकाने लेस्टर येथून लफबरोपर्यंत सुमारे पाचशे लोकांना रेल्वेने नेले. त्याचे भाडे माणशी एक शिलिंग होते. आधुनिक समूहपर्यटनाचा आरंभ बहुधा याच घटनेपासून सांगितला जातो आणि सामान्य माणसाला प्रवासाचे दार उघडून देणारा पुरुष असा कुकचा गौरव केला जातो. हा गौरव इंग्लंडपुरता बऱ्याच अंशी यथार्थ आहे. तथापि कुक अँड सन या पेढीचे नाव ज्या सहलीमुळे जगभर दुमदुमले ती नाईल नदीवरील सहल होय. प्राचीन वास्तूंचे दर्शन व नदीतील जलप्रवास यांची सांगड घालणाऱ्या त्या सहलीकडे पाहिले असता हे चित्र पुष्कळच बदलते. १८८० नंतरच्या काळात कैरो ते अस्वान आणि परत या सुमारे वीस दिवसांच्या सफरीचे मूल्य ५० पौंडांच्या घरात होते. म्हणजे लफबरोच्या तिकिटाच्या हजारपट! इंग्लंडातील शेतमजुराची वर्षभराची मजुरीही त्यास पुरली नसती. तेव्हा नाईलवरील कुकची सहल लोकशाही वृत्तीची होती असे म्हणताना ‘लोक’ म्हणजे कोण, हे आधी ठरविणे आवश्यक ठरते.

सहलीचा जन्म आणि तिची कुचेष्टा

कुकने १८६९ च्या आरंभी आपली पहिली तुकडी इजिप्त व पॅलेस्टाईन येथे नेली. त्यासाठी त्याने खेदिवाच्या सरकारकडून दोन आगबोटी भाड्याने घेतल्या होत्या. सुवेझ कालव्याचे उद्घाटन त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला व्हावयाचे होते. योगायोगाने इंग्लंडचे युवराजही त्याच सुमारास नाईलवर विहार करीत होते. युवराजांच्या लवाजम्यातील प्रख्यात वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल याने कुकच्या प्रवाशांचा उपहास केला. सहलवाले युवराजांचा पाठलाग करीत आहेत, असा त्याच्या लिखाणाचा सूर होता. कुकने त्याचा लेखी निषेध केला. या वादात इजिप्तच्या वास्तूंविषयी कोणालाच फारसे बोलावयाचे नव्हते. त्या वास्तू कोणत्या वर्गाच्या इंग्रजांनी पाहाव्यात, एवढाच वादाचा विषय होता.

तोपर्यंत नाईलवरील प्रवासाचे मान्य साधन म्हणजे ‘दहबिया’ हे शिडाचे घरनौकेसारखे गलबत होते. ते वाऱ्याच्या लहरीवर चाले. कैरोहून दुसऱ्या धबधब्यापर्यंत जाऊन परतण्यास दोन-तीन महिने सहज लागत. अमेलिया एडवर्ड्स ही लेखिका १८७३-७४ च्या हिवाळ्यात अशाच गलबतातून गेली आणि तिचे प्रवासवर्णन १८७७ मध्ये प्रसिद्ध झाले. दहबियाचे प्रवासी व कुकचे प्रवासी या दोन जातींतील अंतर तिच्या लेखनात स्पष्ट जाणवते. पुढे १८८२ मध्ये इजिप्तमधील उत्खननांसाठी जी संस्था लंडनमध्ये स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत एडवर्ड्सचा वाटा मोठा होता. विद्वत्ता आणि पर्यटन यांच्यातील भिंत आपण समजतो तितकी उंच नसते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. त्याच अंगाने आणखी एक दाखला देता येतो. ब्रिटिश म्युझियममधील वॉलिस बज यांची नाईलच्या प्रवाशांसाठीची टिपणवजा पुस्तिका १८९० मध्ये कुक कंपनीसाठीच निघाली आणि ती बोटीवरील प्रवाशांच्या हाती पडू लागली.

साम्राज्य आणि वेळापत्रक

थॉमसचा पुत्र जॉन मेसन कुक हा या व्यवसायाचा खरा संघटक. १८७० मध्ये त्याने खेदिवाच्या आगबोटींची एजन्सी मिळविली आणि १८८० मध्ये प्रवासी आगबोटींचा एकाधिकार पदरात पाडून घेतला. १८८२ मध्ये उराबी पाशाचा उठाव मोडून इंग्रजांनी इजिप्त ताब्यात घेतला. त्यानंतर कंपनीचे व राज्यकर्त्यांचे संबंध इतके घट्ट झाले की, १८८४ मध्ये खार्टूममध्ये अडकलेल्या जनरल गॉर्डनच्या सुटकेसाठी निघालेल्या फौजेची वाहतूक कुककडे सोपविण्यात आली. सुमारे १८,००० सैनिक आणि अफाट सामग्री नाईलमार्गे दक्षिणेकडे गेली. गॉर्डन वाचला नाही. जानेवारी १८८५ मध्ये खार्टूम पडले. लष्करी कामात झिजलेल्या जुन्या बोटींच्या जागी जॉन कुकने मग स्वतःच्या मालकीचा नवा ताफा बांधविला. बोटींचे भाग ब्रिटनमध्ये तयार होत आणि बुलाक येथे जोडले जात. सहलीच्या आलिशान ताफ्याचे मूळ अशा रीतीने एका फसलेल्या मोहिमेत सापडते. इजिप्तचा खरा कारभारी कुक अँड सन हाच होय, अशी थट्टा जी. डब्ल्यू. स्टीव्हन्स या पत्रकाराने १८९८ च्या आपल्या पुस्तकात केली. ती निव्वळ थट्टा नव्हती.

आगबोटीने प्रवासाची गती वाढविली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिने ती निश्चित केली. साक्कारा, बेनी हसन, असियूत, देंदेरा, लक्सर, एस्ना, एदफू, कोम ओम्बो, अस्वान या क्रमात कोठे किती तास थांबावयाचे हे कैरो सोडण्यापूर्वीच ठरलेले असे. धक्क्यावर गाढवे, खोगिरे आणि दुभाषे तयार ठेवावे लागत. आजही पर्यटकाला इजिप्तचा इतिहास ज्या क्रमाने भेटतो तो कालक्रम नसून नदीचा क्रम आहे. पिरॅमिडकालीन साक्कारा आधी, मग टॉलेमींच्या काळात उभे राहिलेले देंदेरा, त्यानंतर त्याहून हजार वर्षांनी जुने कर्नाक. इतिहासाच्या अध्यापकाला हा घोळ त्रासदायक वाटेल. परंतु बहुसंख्य लोकांच्या मनातील ‘प्राचीन इजिप्त’ याच वेळापत्रकाने घडविला आहे.

लक्सर : वास्तू कोणाची?

सहलीचा मुख्य मुक्काम लक्सर. कुक कंपनीचे हॉटेल तेथे १८७७ मध्ये उभे राहिले. त्या वेळी लक्सरचे मंदिर आज दिसते तसे मोकळे नव्हते. त्याच्या प्रांगणांत व स्तंभांच्या मधोमध एक नांदते गाव होते. त्यात मातीची घरे, कबुतरखाने, धान्याची कोठारे आणि अबू हग्गाग या संताची मशीद होती. लेडी डफ गॉर्डन ही इंग्रज स्त्री १८६० च्या दशकात मंदिरावरच उभारलेल्या घरात राहिली होती आणि तेथूनच तिने आपली प्रसिद्ध पत्रे लिहिली. एदफूच्या मंदिराच्या छपरावरही घरे होती. ती मारिएत यांनी पूर्वीच हटविली होती. पुरातत्त्व विभागाचे संचालक गॅस्तों मास्पेरो यांनी १८८४-८५ मध्ये लक्सरची सफाई आरंभिली. घरमालकांच्या नुकसानभरपाईची बोलणी वर्षानुवर्षे रेंगाळली. मशीद मात्र हलली नाही. ती आजही मंदिराच्या भिंतींवर उभी असून तिचे जुने दार आताच्या जमिनीपासून बरेच उंच लटकलेले दिसते. गावाची जमीन एकेकाळी किती उंच होती, याचा तो उरलेला पुरावा आहे.

या सफाईस केवळ शास्त्रीय जिज्ञासेचे फळ मानणे एकांगी होईल, तसेच केवळ पर्यटकांसाठी केलेली हकालपट्टी म्हणणेही. मंदिर राखेत व कचऱ्यात बुडत होते, हे खरेच. परंतु ज्यांच्या पिढ्या तेथे जन्मल्या व मेल्या, त्यांचा सहाशे-सातशे वर्षांचा इतिहास ‘ढिगारा’ या एका शब्दात गणला गेला, हेही तितकेच खरे.

नदीच्या पश्चिम तीरावर कुर्ना गावाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. पर्यटकांना जुन्या वस्तू हव्या होत्या आणि कुर्नावासीयांची घरे थडग्यांवरच उभी होती. १८७० च्या दशकात राजघराण्यातील वस्तू बाजारात येऊ लागल्या. तपासाअंती संशय अब्द अल-रसूल कुटुंबावर स्थिरावला. चौकशीत मारहाणही झाली. अखेर जुलै १८८१ मध्ये दैर अल-बहरीजवळील गुप्त विवरातून रामसेस दुसरा यांसारख्या राजांच्या चाळीसच्या आसपास ममी एमिल ब्रुग्श याने थोड्याच दिवसांत बाहेर काढून आगबोटीने कैरोला नेल्या. बोट जात असता काठावरील स्त्रियांनी अंत्ययात्रेप्रमाणे आक्रोश केला, असे वर्णन मिळते. तो शोक राजांसाठी होता की हातच्या गेलेल्या उपजीविकेसाठी, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. दोन्ही एकाच वेळी असू शकतात, हे मान्य करण्यास अभ्यासकांना का जड जाते, हे समजत नाही.

जॉन कुकला स्थानिकांविषयी आस्था नव्हती असेही नाही. लक्सर येथे त्याच्या पुढाकाराने व प्रवाशांच्या देणग्यांतून रुग्णालय उभे राहिले आणि १८९१ मध्ये खेदिव तौफिक यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मात्र नावाडी, शिधावाले व गाढववाले यांचे स्वतःचे शब्द क्वचितच उपलब्ध आहेत. प्रवाशांच्या रोजनिश्यांत ते ‘बक्षीस’ मागणाऱ्या गर्दीच्या रूपानेच येतात.

मुंबईचा दुवा

कंपनीची मुंबईतील कचेरी १८८१ ची. १८८६ मध्ये हिंदुस्थान सरकारने मुंबई-जेद्दा मार्गावरील हज यात्रेकरूंच्या वाहतुकीचे काम याच कुककडे दिले. ही व्यवस्था १८९० च्या दशकात संपुष्टात आली. यात्रा आणि सहल यांचे एकाच कंपनीच्या तिकीटखिडकीवर असे एकत्र येणे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. आखीव कार्यक्रम, एकरकमी शुल्क आणि सोबतचा व्यवस्थापक ही पद्धती मराठी वाचकास विसाव्या शतकातील महाराष्ट्रीय सहलसंस्थांमुळे चांगली परिचित आहे.

धरण आणि त्यानंतर

१९०२ मध्ये अस्वानचे धरण पूर्ण झाले आणि फिली बेटावरील मंदिर वर्षातील काही महिने पाण्यात उभे राहू लागले. पर्यटकांना स्तंभांमधून होडीने हिंडणे हेच नवे आकर्षण वाटू लागले. १९६० मध्ये युनेस्कोची मोहीम सुरू झाली. १९६४ ते १९६८ या काळात अबू सिंबेल वर हलविले गेले आणि फिलीची मंदिरे अगिल्किया बेटावर नेऊन १९८० मध्ये पुन्हा खुली झाली. धरणांच्या पाण्याखाली न्युबियन लोकांची गावे बुडाली. त्यांच्यासाठी एवढी जागतिक वर्गणी जमली नाही.

कुक कुटुंबाने कंपनी १९२८ मध्ये विकली. मूळ ब्रिटिश कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजी बुडाली. तिच्या ताफ्यातील १९२१ सालची ‘सुदान’ ही बोट मात्र लक्सर-अस्वान फेऱ्या करीत राहिली आहे. १९३३ मध्ये अगाथा ख्रिस्ती याच बोटीने गेल्या होत्या आणि १९३७ ची त्यांची नाईलवरील कादंबरी त्या प्रवासाशी जोडली जाते. कुर्ना गाव हलविण्याचा प्रयत्न १९४० च्या दशकात वास्तुविशारद हसन फतेही यांनी बांधलेल्या नव्या गावासह झाला होता. गावकऱ्यांनी तो मानला नाही. २००६ च्या अखेरीस सरकारने टेकडीवरील घरे पाडण्यास सुरुवात केली आणि कुटुंबांना उत्तरेकडील नव्या वसाहतीत नेले. पश्चिम तीरावर उतरणाऱ्या प्रवाशास आता थडगी दिसतात. त्यांच्यावर रंगीत भिंतींची घरे कोठे होती, हे त्याला बहुधा कोणी दाखवीत नाही.