चाकांशिवाय उतरणारं मालवाहू विमान

विमान म्हटलं की चाकं आलीच. पण ३१ मार्च १९७५ रोजी अमेरिकेत एका दोन इंजिनांच्या मालवाहू विमानाने चाकांऐवजी हवेच्या गादीवरून उड्डाण केलं आणि ११ एप्रिलला ते त्याच गादीवर उतरलंही. हे होतं कॅनडात बनलेलं ‘बफेलो’ विमान. बदलानंतर त्याचं नाव ‘एक्ससी-८ए’ झालं.

ही कल्पना हॉव्हरक्राफ्टचीच. विमानाच्या पोटाखाली रबर आणि नायलॉनची, मोटारीच्या ट्यूबसारखी लांबट पिशवी बसवली होती. दोन जादा इंजिनं तिच्यात हवा भरत. ती हवा तळाच्या हजारो बारीक छिद्रांतून बाहेर पडे, की विमान जमिनीपासून किंचित अधांतरी तरंगे. उडाल्यावर हवा बंद केली की रबर आकसून पोटाला चिकटून बसे. बेल कंपनीने हा प्रयोग आधी, १९६७ मध्ये, एका छोट्या विमानावर केला होता.

पण एवढा खटाटोप कशासाठी? चाकं सगळं वजन जमिनीच्या छोट्याशा भागावर टाकतात. चिखलात ती रुततात, म्हणून जड विमानांना पक्की धावपट्टी लागते. गादी तेच वजन पसरवते. २० टन वजन २० चौरस मीटरवर विभागलं, तर चालणाऱ्या माणसाच्या पावलाखालीसुद्धा त्याहून जास्त दाब पडतो. म्हणजे बर्फ, दलदल, गवताळ माळ, अगदी पाणीसुद्धा धावपट्टी! युद्धात धावपट्ट्या उद्ध्वस्त झाल्या तरी रसद पोचवता येईल, हे लष्करासाठी मोठंच आमिष होतं.

घोडं अडलं ते घर्षणापाशी. चाक जमीन धरून ठेवतं, गादीला ते जमत नाही. बाजूने वारा आला की विमान सरकणार. दिशा सांभाळायला दोन्ही पंख्यांची ओढ कमीजास्त करायची. ब्रेकसाठी पिशवीच्या तळाशी वेगळ्या उशा होत्या. त्या फुगवून जमिनीवर घासायच्या. घासलं की झीज आलीच. शिवाय जादा इंजिनांचं वजन आणि इंधन, म्हणजे तेवढा माल कमी. ज्या विमानाचं कामच माल वाहणं, त्याला हा सौदा कसा परवडणार?

गादीवर उतरणारं एकही मालवाहू विमान नियमित सेवेत आलं नाही. कच्च्या जमिनीसाठी जास्त आणि रुंद चाकं, हाच मार्ग टिकला. ऑगस्ट २०१३ मध्ये भारतीय हवाई दलाचं ‘सी-१३०जे’ लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीच्या कच्च्या धावपट्टीवर उतरलं, तेही चाकांवरच.