किंगरीचं गोत

महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या सरकारी यादीत ‘भराडी’ या नोंदीखाली काही नावं येतात: बाळसंतोषी, किंगरीवाले, नाथबावा, नाथजोगी, गारपगारी, नाथपंथी डवरी गोसावी. यांतले किंगरीवाले वाद्यावरून ओळखले गेले. भोपळ्याची किंवा करवंटीची लहानशी वाटी, तिच्या तोंडावर ताणलेलं कातडं, वाटीतून आरपार गेलेला दांडा, एकदोन तारा आणि गज, एवढीच ही किंगरी. गोपीचंदाची, भर्तरीची कथा गात दारोदार भिक्षा मागायची ती हिच्या साथीनं. नगर जिल्ह्यात नाथपंथाचं मोठं ठाणं म्हणजे पाथर्डी तालुक्यातली मढी. तिथे कानिफनाथांच्या समाधीपाशी होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत यात्रा चालते आणि भटके समाज दूरदूरहून येऊन उतरतात.

आता इराणमधल्या इस्फहानला जाऊ. तिथल्या हश्त बिहिश्त महालात १६६९ सालचं एक चित्र आहे, त्यात एक स्त्री कमांचा हे गजानं वाजवायचं इराणी वाद्य वाजवते आहे. गोल पोट, त्यावर कातडं, वर लांब मान आणि पोटाखाली बाहेर आलेला टोकदार पाया. हा पाया मांडीवर किंवा जमिनीवर टेकवून वाद्य उभं धरतात. तार बदलायची तर वादक गज फारसा तिरका करत नाही, वाद्यच पायावर किंचित फिरवतो. गजाचे केस सैल असतात. वाजवताना उजव्या हाताच्या बोटांनी ते ताणून धरायचे आणि त्या ताणानंच सूर भरदार किंवा हळवा करायचा. हे हाताचं कसब वर्षानुवर्षांच्या रियाजानंच येतं.

वाद्याचं कूळ ठरवताना मी आधी त्याची बांधणी पाहते. सारंगी एका लाकडी ठोकळ्यातून कोरून काढतात, तिची कंबर दोन्ही बाजूंनी आत घेतलेली असते, आणि आरपार दांडा तिला नसतो. कमांच्याला तो असतो, किंगरीलाही असतो. म्हणून इस्फहानच्या महालातल्या त्या वाद्याचं जवळचं नातं मैफलीतल्या सारंगीपेक्षा मढीच्या वाटेवरच्या किंगरीशी आहे.

हे नातं जुळलं कसं? नगरकराच्या मनात पहिलं उत्तर निजामशाहीचं येईल, आणि ते स्वाभाविक आहे. मलिक अहमदनं १४९० मध्ये भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि पुढे तिथेच शहर वसवलं. त्याचा मुलगा बुऱ्हाण याच्या दरबारी शाह ताहीर हा इराणी विद्वान आला, त्याच्या प्रभावानं राजानं शिया पंथ स्वीकारला आणि इराणी माणसांची ये-जा वाढली. इतिहासकार फिरिश्ता अस्त्राबादेत जन्मला, पण वाढला नगरात. जुहूरी या फारसी कवीनं आपलं ‘साकीनामा’ दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाला अर्पण केलं. हा दुसरा बुऱ्हाण १५९१ मध्ये गादीवर येण्याआधी काही वर्षं अकबराच्या आश्रयाला होता. अकबराच्या दरबारातल्या गवय्या-वादकांची यादी ‘आईन-ए-अकबरी’त आहे. त्यात तानसेनाबरोबरच मशहदचा मीर सय्यद अली आणि हेरातचा बहराम कुली ही नावं आहेत, आणि दोघांच्या पुढे वाद्य लिहिलं आहे घिचक. घिचक म्हणजे कमांच्याचा सख्खा भाऊ. याच घिचकाला हेरातच्या कुल मुहम्मद ऊदीनं तीन तारा वाढवल्या, असं बाबरानं आपल्या आठवणींत नमूद केलं आहे.

पण गज इराण्यांनी दख्खनला आणला असं म्हणता येत नाही. निजामशाहीच्या अडीचशे वर्षं आधी, यादव राजा सिंघणाच्या आश्रयानं देवगिरीला शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात पिनाकी वीणेचं वर्णन आहे. तिचा तुंबा पायांनी धरायचा आणि घोड्याच्या केसांच्या, राळ लावलेल्या धनुष्यानं तिची तार घासायची. केस आणि राळ हे आजच्या कोणत्याही गजाचं मर्म आहे आणि ते नगरपासून चारेक दिवसांच्या पायी वाटेवर तेराव्या शतकात लिहिलं गेलं होतं. इराण आणि मध्य आशियाकडच्या ग्रंथांत गजाच्या वाद्यांच्या नोंदी दहाव्या शतकापासून मिळू लागतात. त्यामुळे गजाचं मूळ बहुतेक अभ्यासक मध्य आशियाच्या घोडेस्वारांच्या मुलखात शोधतात. ते खरं धरलं, तरी किंगरी ही कमांच्याची लेक ठरत नाही. दोघी एकाच जुन्या घराण्याच्या, वेगवेगळ्या वाटांनी गेलेल्या बहिणी आहेत.

आणि या कुळकथेत आपल्याकडून तिकडे गेलेलंही काही आहे, हा भाग मला सगळ्यांत जवळचा वाटतो. अब्दुल कादिर मरागी हा तैमूरी काळातला थोर संगीतज्ञ, मृत्यू १४३५. कमांच्याचं पोट काही जण नारळाच्या करवंटीचं करतात, अशी नोंद त्यानं केली आहे. बगदादच्या मकाम गायनाच्या साथीला जोजा नावाचं वाद्य असतं, त्याचं पोट आजही करवंटीचंच. इराणच्या पठारावर नारळ पिकत नाही. अरब त्याला हिंदचं अक्रोड म्हणत, कारण तो आपल्या बाजूच्या समुद्रावरून जात असे. उलट दिशेनं, होर्मुझहून जहाजं घोडे घेऊन येत आणि चौलला उतरवत. चौल हे पुढे निजामशाहीचं बंदर झालं. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारीही पंधराव्या शतकात आपला घोडा घेऊन याच बंदरात उतरला आणि जुन्नरला गेला. तिकडच्या वाद्याचं पोट आणि इकडच्या गजाचे केस पुरवणारा माल एकाच समुद्रवाटेवर होता.

पुढे दोन्हीकडे गजाच्या वाद्यांवर वाईट दिवस आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इराणात व्हायोलिननं कमांच्याला मागे सारलं. कमांच्याच्या तीन तारांच्या चार झाल्या त्याही व्हायोलिनच्याच प्रभावानं. आपल्याकडे बालगंधर्वांना कादरबक्षांच्या सारंगीची साथ होती, पण गावोगावच्या मैफलींत पेटीनं सारंगीची जागा घेतली. इराणात अली असगर बहारी (१९०५ ते १९९५) यांनी कमांचा तगवला. आज कैहान कल्होर तो जगभर वाजवतात आणि सतारिये शुजात हुसेन खाँ यांच्याबरोबर त्यांनी ‘गझल’ नावाचा वाद्यमेळही चालवला. २०१७ मध्ये इराण आणि अझरबैजान यांनी मिळून कमांचा घडवण्या-वाजवण्याची कला युनेस्कोच्या वारसायादीत नेली.

किंगरीचं नाव मात्र जातीच्या दाखल्यापुरतं उरू नये असं मला मनापासून वाटतं. मढीच्या यात्रेत किंगरी किंवा तिच्या जातीचं कुठलंही वाद्य घेतलेले बाबा भेटले, तर भिक्षा घालून लगेच पुढे सरकू नका. वाटी कशाची, कातडं कुठलं, गजाचे केस कुठून मिळवता, कथा कुणाकडून शिकलात आणि पुढे कोण शिकतंय, हे त्यांना विचारा आणि त्यांच्या तोंडून ऐकून लिहून ठेवा.