दीड आण्याची ट्राम आणि समतेचा हिशेब

मुंबईच्या ट्रामविषयी जे लिहिले गेले आहे, ते बहुतेक हळव्या सुरात. घंटेचा ठणठणाट, स्वस्ताई, खिडकीतून दिसणारे जुने शहर. या आठवणी खोट्या आहेत असे मला म्हणायचे नाही. पण त्यांत एक प्रश्न विचारलेला मला कुठे दिसला नाही. ज्या समाजात स्पर्शाने माणूस बाटत होता, त्या समाजातली माणसे ट्रामच्या एका बाकावर शेजारी शेजारी बसली कशी? इतिहास शिकवणारा आणि घराण्यातला पहिला पदवीधर, या दोन्ही नात्यांनी मला हा प्रश्न टाळता येत नाही.

आधी घटनाक्रम पाहू. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीला. कंपनीपाशी त्या वेळी वीस गाड्या आणि दोनशे घोडे होते. कुलाबा ते पायधुणी भाडे तीन आणे. पुढे ते दोन आण्यांवर आले. सुरुवातीला तिकीट नव्हते. फुकटे प्रवासी वाढले म्हणून त्याच वर्षी तिकीट आले. घोड्यांची ट्राम १९०५ साली बंद झाली तेव्हा घोडे १३६० झाले होते. त्या घोड्यांना उन्हासाठी टोप्या घालीत, हे कौतुकाने सांगितले जाते. त्यांची लीद कोण उचलत होते, हे कोणी सांगत नाही. शहराचे रस्ते झाडण्याचे आणि मैला वाहण्याचे काम अस्पृश्य जातींच्याच माथी होते. शहर आधुनिक झाले, झाडू मात्र त्याच हातात राहिला.

१९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली आणि ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली. १९२० साली दुमजली ट्राम आली. रूळ भायखळा, लालबाग, परळ करीत दादरपर्यंत गेले आणि ट्राम कामगारांच्या वस्तीत पोचली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस निघाली, तरी कित्येक वर्षे बस हे वरच्या मध्यमवर्गाचेच वाहन राहिले. ससून डॉक ते दादर ट्रामला दीड आणा पडे, बसला चार आणे. गरिबाचे वाहन कोणते, हे या दोन आकड्यांत स्पष्ट आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. याच काळातला, १९२९ सालचा एक प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून ते खानदेशात गेले होते. चाळीसगाव स्टेशनवर त्यांना महारवाड्यात न्यायला टांगेवाले तयार होईनात. भाडे मिळत होते, तरी अस्पृश्याचा टांगा हाकणे त्यांना कमीपणाचे वाटले. शेवटी तडजोड अशी निघाली की टांगा भाड्याने द्यायचा, पण टांगेवाल्याने हाकायचा नाही. वस्तीतल्याच एका माणसाने तो हाकला. त्याला सवय नव्हती. पुलावर अपघात होऊन बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि जबर जखमी झाले.

टांगेवाला आणि ट्राम यांत फरक काय? टांगेवाला गावचा माणूस होता. प्रवासी कोण, कुठल्या वाड्यात जाणार, हे त्याला ठाऊक होते. ट्राम हाकणाऱ्याचा प्रवाशाशी संबंधच येत नव्हता. तो कंपनीचा पगारी नोकर, आणि प्रवासी म्हणजे हातात तिकीट असलेला अनोळखी माणूस. त्या तिकिटावर जातीचा रकाना नव्हता. ही कोणाची उदारता नव्हती. स्पृश्यांसाठी एक डबा आणि अस्पृश्यांसाठी दुसरा जोडणे कंपनीला परवडणारे नव्हते, एवढाच तो हिशेब होता. म्हणून इंग्रजांचे आभार मानण्याचे मला कारण दिसत नाही. पण या हिशेबाने धर्मशास्त्राचा एक नियम रोज हजारो वेळा मोडला, हेही खरे आहे.

शेजारी एक विसंगती ठेवून पाहा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला. सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असे तो सांगत होता. महाडच्या नगरपालिकेने आपले तळे कागदोपत्री खुले केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीच्या बाकावर बसता येत होते. जनतेच्या मालकीच्या तळ्यावर जाता येत नव्हते.

पण ट्रामची समता गिरणीच्या फाटकाशी संपत होती. ज्याच्या खांद्याला खांदा लावून महार कामगार परळला उतरे, तोच सवर्ण कामगार त्याला विणकाम खात्यात पाऊल ठेवू देत नसे. धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळाची सबब. पगार त्याच खात्यात जास्त होता, ही खरी गोम. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. माझे आजोबा रिंग खात्यात होते. पगाराच्या आठवड्यात ते ट्रामने जात आणि महिनाअखेरीस पायी, असे घरी सांगत. जात न विचारणारे तिकीटसुद्धा आधी खिशात हात घालायला लावतेच.

७ ऑगस्ट १९४७ रोजी हा कारभार महापालिकेकडे आला. ट्राम आता कुठे जनतेच्या मालकीची झाली. पण मोटारी आणि बस वाढल्या, रस्त्याच्या मधोमध संथ चालणारी ट्राम अडचण वाटू लागली, आणि ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. दादर टी. टी. या नावातला ट्रामचा टी तेवढा उरला. भायखळ्याहून दादरकडे ज्या रस्त्याने ट्राम जात असे, त्याला आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे.

ट्राम गेल्याचे दुःख करीत बसावे, असे माझे म्हणणे नाही. तिची जागा बसने घेतली आणि एके काळची चार आण्यांची बस गरिबाचे वाहन झाली. पण मे २०२५ मध्ये बेस्टचे किमान भाडे पाचावरून दहा रुपये झाले, तेव्हा माझ्या वर्गातल्या काही मुलामुलींनी दोन थांबे आधी उतरून चालायला सुरुवात केली. सार्वजनिक वाहन महाग होणे हा आपल्या चळवळीचा प्रश्न आहे, असे आपण अजून मानत नाही. पाणवठा आणि शाळा यांच्या यादीत बसचा बाकही आहे. त्यावर बसण्याचा हक्क कागदावर असून भागत नाही, हे महाडने आपल्याला शिकवले आहे.