तुझा कॉम्प्युटर भारी की माझा?

आपल्या सोसायटीत पाणी, पार्किंग आणि मेंटेनन्स यांच्या खालोखाल कशावर वाद झाले असतील, तर ते कॉम्प्युटरवर. फरक एवढाच, की पार्किंगच्या वादानंतर मंडळी चार दिवस एकमेकांशी बोलत नसत, आणि कॉम्प्युटरच्या वादानंतर चहा होऊन वर एखादी सीडी उसनी नेली जाई. रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने या गोड भांडणांचा थोडा इतिहास सांगावा, म्हणून हा लेख.

हे भांडण आपण सुरू केलेलं नाही. त्याचं मूळ विलायतेत, केंब्रिजमध्ये सापडतं. तिथल्या एकॉर्न कंपनीचा 'बीबीसी मायक्रो' डिसेंबर 1981 मध्ये बाजारात आला, आणि एप्रिल 1982 मध्ये त्याच गावातल्या क्लाइव्ह सिंक्लेअर यांचा 'झेडएक्स स्पेक्ट्रम'. दोन्ही घरच्या टीव्हीला जोडायचे, आणि प्रोग्रॅम साध्या टेपच्या कॅसेटवरून भरायचा. स्पेक्ट्रम स्वस्त, बटणं रबराची, आणि गेम भरपूर. बीबीसी महाग पण दणकट, कीबोर्ड टाइपरायटरसारखा, शाळांचा लाडका. घरोघरच्या पोरांत लगेच दोन पार्ट्या पडल्या.

स्पेक्ट्रमवाले म्हणायचे, "आमचा वेग साडेतीन मेगाहर्ट्झ, तुमचा फक्त दोन!" बीबीसीवाले म्हणायचे, "आमची चिप एका ठोक्यात जास्त काम करते, तुमचं ते नुसतं धावणं." दोघांच्या बोलण्यात तथ्य होतं, म्हणून तर वाद संपत नव्हता. मालकांचं मात्र पोरांइतकं गोडीत चाललं नाही. एकॉर्नचे एक संस्थापक ख्रिस करी हे पूर्वी सिंक्लेअर यांच्याकडेच कामाला होते. डिसेंबर 1984 मध्ये एकॉर्नच्या एका झोंबऱ्या जाहिरातीवरून सिंक्लेअर यांनी त्यांना केंब्रिजच्या एका पबमध्ये गाठलं आणि वर्तमानपत्राची गुंडाळी करून हाणली!

हीच जोडी मग भारतातही आली. 1984-85 मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला, त्यात सुरुवातीला सुमारे 250 शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले. 1986 मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन स्पेक्ट्रम इथे 'डीबी स्पेक्ट्रम' म्हणून विकायला काढला. म्हणजे शाळेत एक आणि घरात दुसरा, आणि एकाची कॅसेट दुसऱ्यावर चालायची नाही. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बारामती-इंदापूर पट्ट्यात कॉम्प्युटर बंगल्या-फ्लॅटमध्ये दिसू लागला तो नवं शतक उजाडता उजाडता. विद्यानगरीत आयटीचं शिक्षण आलं. 2001 मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि पाठोपाठ गावोगावी एमएस-सीआयटीचे क्लास निघाले. इंदापूरहून एसटीने क्लासला येणारी मुलं आणि त्यांचे पालक एकच प्रश्न विचारत, "कॉम्प्युटर घ्यायचा कोणता?" इथून आपल्याकडच्या पार्ट्या सुरू झाल्या.

पहिली लढाई ब्रँडेड आणि असेंबल्ड यांची. ब्रँडेडवाल्यांचा भर वॉरंटीवर आणि नावावर. असेंबल्डवाले पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन एकेक भाग निवडून आणणारे. "तेवढ्याच पैशात दुप्पट रॅम," हा त्यांचा हुकमी पत्ता. दुसरी लढाई चिपची. इंटेलचा पेंटियम फोर आकड्यात पुढे होता. एएमडीने 2001 मध्ये अॅथलॉन एक्सपी आणला, त्यात 1800+ असं नाव असलेल्या चिपचा खरा वेग 1.53 गिगाहर्ट्झच होता. कंपनीचं म्हणणं, वेग मोजू नका, काम मोजा. म्हणजे केंब्रिजच्या पोरांचा वीस वर्षांपूर्वीचा वाद जसाच्या तसा आपल्या जिन्यात येऊन बसला. त्या काळच्या लोडशेडिंगमध्ये वीज गेली की दोन्ही पार्ट्या एकदम गप्प व्हायच्या, आणि ज्याच्याकडे यूपीएस तो जिंकायचा.

खरी चुरस मात्र मराठीवरून होती. ज्यांनी तीस शब्दांची मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती, त्यांना टाइपरायटरचाच कीबोर्ड हवा. नव्या मुलांना सरकारने 1986 मध्ये ठरवलेला इन्स्क्रिप्ट सोपा वाटे. तिसरे इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारे. फॉण्टचंही तसंच. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सीडॅकचं आयएसएम, शिवाय आकृती, असे प्रत्येकाचे भक्त वेगळे. लग्नपत्रिका, कारखान्याचा वार्षिक अहवाल, निवडणुकीची पत्रकं छापणाऱ्या डीटीपीवाल्यांत याच्यावर तासन् तास चर्चा चाले.

अडचण अशी होती, की त्या जुन्या फॉण्टमध्ये कॉम्प्युटरला मराठी कळतच नव्हतं. आत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक साठवलेले असत, फॉण्ट त्यांच्यावर फक्त देवनागरीचं चित्र चढवत असे. कुठल्या क्रमांकावर कुठलं चित्र, हे ज्याने त्याने आपापलं ठरवलेलं. त्यामुळे एका फॉण्टमधला मजकूर, तो फॉण्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडला, की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला दिसे. कॅसेटचीच गोष्ट पुन्हा.

यावर उतारा आला तो युनिकोडचा. त्यात प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक. 1991 च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, आणि तिची मांडणी भारताच्याच 'इस्की' या प्रमाणावर बेतलेली. विंडोज 2000 आणि एक्सपीपासून ती घरच्या कॉम्प्युटरवर आली, पुढे मोबाइलमध्ये आली. म्हणून आज आजी इंदापूरहून पाठवते तो मराठी मेसेज नातवाला अमेरिकेतही तसाच दिसतो.

आणि केंब्रिजच्या त्या वादात शेवटी जिंकलं कोण? स्पेक्ट्रम आणि बीबीसी मायक्रो दोन्ही बंद पडले. पण एकॉर्नने 1985 मध्ये स्वतःची 'एआरएम' नावाची चिप बनवली होती. आज तुमच्या-आमच्या खिशातल्या बहुतेक प्रत्येक मोबाइलमध्ये, मग तो अँड्रॉइड असो की आयफोन, त्याच घराण्याची चिप आहे. मुलांनो, तुमच्या सध्याच्या भांडणात हेही सांगून बघा.

आता कामाचं बोलू. सोसायटीच्या पहिल्या काही वर्षांची इतिवृत्तं, सभासद याद्या आणि गणेशोत्सवाचे हिशेब त्या जुन्या फॉण्टमध्येच टाइप झाले. त्यातलं काही फ्लॉपीवर आहे, काही सीडीवर, काही कुणाच्या माळ्यावरच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरमध्ये. हाताने लिहिलेलं रजिस्टर अजून कुणीही उघडून वाचू शकतं, पण फ्लॉपी घालायला मशिन मिळणं अवघड होत चाललं आहे. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलता येतो, त्यासाठी तो मूळ कुठल्या फॉण्टमध्ये आहे एवढं ठाऊक हवं, आणि ते सांगू शकणारी माणसं अजून आपल्यात आहेत. तेव्हा ज्यांच्या कपाटात अशा फ्लॉप्या, सीड्या असतील त्यांनी त्या सोसायटीच्या ऑफिसात आणून द्याव्यात, आणि पाकिटावर फॉण्टचं नाव लिहावं. ते काम या वर्षातच उरकून एक छापील प्रतही काढून ठेवू. कुठला फॉण्ट भारी, हा वाद त्या कामाच्या वेळी चहासोबत पुन्हा घालायला सर्व पार्ट्यांना आमंत्रण आहे.