नौसेना वैमानिकी संग्रहालय, गोवा
भारतीय नौदलाच्या हवाई शाखेचा इतिहास दर्शविणारे संग्रहालय. ते दक्षिण गोव्यात दाबोळी विमानतळ व बोगमाळो किनारा यांच्या परिसरात असून १९९८ मध्ये सुरू झाले. इमारतीत काही दालने आहेत; तथापि मुख्य संग्रह बाहेर उघड्यावर मांडलेल्या विमानांचा होय. त्यांतील शॉर्ट सीलँड हे जमिनीवर व पाण्यावर उतरू शकणारे विमान. १९५३ मध्ये कोचीन येथे या शाखेचा प्रारंभ याच प्रकारच्या विमानांनी झाला. चार इंजिनांचे सुपर कॉन्स्टेलेशन मूळचे एअर-इंडियाचे. पुढे ते वायुसेनेकडे व नंतर सागरी टेहळणीसाठी नौदलाकडे आले.

सी हॉक व आलीझे ही विमाने मात्र निरखून पाहावीत. घडी होणारे पंख आणि शेपटाखालचा आकडा पाहिला, की विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या आखूड डेकवर ताणलेल्या तारांत अडकून ती कशी थांबत व थोड्या जागेत कशी ठेवली जात, हे कोणत्याही आकृतीपेक्षा स्पष्ट कळते. ४ डिसेंबर १९७१ रोजी विक्रांतवरील सी हॉक विमानांनी कॉक्स बझार व चित्तगाँग येथे हल्ले केले. १९९७ मध्ये निवृत्त झालेली विक्रांत मुंबईत काही वर्षे तरते संग्रहालय होती. २०१४ मध्ये ती मोडीत काढण्यात आली. त्यामुळे तिच्या काळाचा प्रत्यक्ष पुरावा म्हणून या विमानांचे मोल वाढले आहे. समुद्राची खारी हवा व पावसाळा मात्र त्यांना बाधक ठरतात. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला पोलादी भाग जेथे भिडतात, तेथे क्षारयुक्त ओलाव्याने गंज लवकर धरतो आणि वरचा नवा रंग तो बराच काळ झाकून ठेवतो.